गन शॉपमध्ये जुनी बंदूक ट्रेड करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांकडून मला सारखे तेच तेच प्रश्न येतात, की घरात एक बंदूक पडून आहे, ती देऊन दुकानातली जुनी काहीतरी घ्यायचीय, पण कुठली घेऊ. म्हणून सगळं एका जागी लिहितोय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो म्हणजे खालची उत्तरं कुठून येतायत ते कळेल: जुन्या बंदुकीत काही गोष्टी बिघडल्या तर परत आणता येतात आणि काही गेल्या की कायमच्या गेल्या. ट्रेड करताना ज्या परत येत नाहीत त्यांच्यावरच पैसे लावा.

व्हिंटेज म्हणजे किती जुनी? दुकानात कुणी अँटिक म्हणतं, कुणी सी अँड आर, सगळं एकच का?

एकच नाही, आणि फरक नीट समजून घ्या कारण कागदपत्रं त्यावर ठरतात. फेडरल कायद्यात अँटिक म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेली, आणि अशी बंदूक १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टपुरती फायरआर्म धरलीच जात नाही. ठासणीच्या बंदुकीची आजची नक्कलसुद्धा बहुतेक वेळा याच गटात बसते. सी अँड आर म्हणजे क्युरिओ अँड रेलिक, बनून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली बंदूक. ती मात्र पूर्णपणे फायरआर्म आहे, फक्त कलेक्टरला थोडी सवलत मिळते (लायसन्सचा प्रश्न खाली आहे).

गोंधळ कुठे होतो तर मॉडेलच्या नावावरून. विंचेस्टर १८९४ रायफल म्हटलं म्हणजे ती १८९४ ची असं नसतं, ते मॉडेल विसाव्या शतकात दशकानुदशकं बनत राहिलं. कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरचंही तेच. तारीख बघायची ती फ्रेमवरच्या किंवा रिसीव्हरवरच्या (बाकीचे भाग ज्यात बसतात तो मुख्य धातूचा भाग) सिरियल नंबरवरून.

मी एच-१बी वर आहे. मला घेता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक घ्यायला आणि जवळ ठेवायलाही साधारणपणे मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

अँटिक फेडरल व्याख्येत येत नाही म्हणून काहीजण ती पळवाट काढतात, पण राज्याचा कायदा वेगळा असू शकतो आणि बंदुकीचा गुन्हा नावावर लागला तर थेट इमिग्रेशनवर येतं. व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, दुकानदाराला नंतर. एवढ्या एका बाबतीत मी कुणालाच "चालतंय" असं म्हणत नाही.

काउंटरवर नेमकं काय होतं? ट्रेड आहे म्हणजे कागद नाहीत ना?

आहेत. तुम्ही देता त्या बंदुकीसाठी दुकानवाला तुमचं नावगाव, ओळखपत्र बघून आपल्या रजिस्टरमध्ये नोंद करतो. तुम्ही घेता त्या बंदुकीसाठी नेहमीच्या खरेदीसारखाच फॉर्म ४४७३ भरायचा आणि एनआयसीएसचा, म्हणजे एफबीआयच्या यंत्रणेचा, बॅकग्राउंड चेक होतो. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण हवं, रायफल-शॉटगनला फेडरल किमान १८. हे झालं फेडरल. त्याच्यावर राज्याचं वेगळं असतं, म्हणजे न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं आणि हँडगनला प्रत्येक वेळी वेगळं परमिट, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं राज्याचं ओळखपत्र. ते हातात नसताना दुकानात जाऊन सौदा ठरवू नका, बंदूक अडकून पडते.

दुसऱ्या राज्यात फिरायला गेलो आणि तिथल्या दुकानात हवी तीच दिसली तर?

रायफल किंवा शॉटगन असेल तर दोन्ही राज्यांच्या कायद्यात बसत असेल तर तिथेच घेता येते. हँडगन नाही. ती तुमच्या राज्यातल्या लायसन्सवाल्या डीलरकडे पाठवून तिथून घ्यावी लागते, त्याची ट्रान्सफर फी लागते, ती सौद्यात धरा.

दुकानवाला माझ्या बंदुकीची इतकी कमी किंमत का लावतो?

कारण त्याला ती परत विकायचीय आणि ती किती दिवस शेल्फवर पडून राहील त्याला माहीत नाही. समजा तुमची बंदूक बाजारात ६०० डॉलरला जाते, तर तो ६०० देणार नाही हे धरूनच चला. पण सौदा समजून घ्यायची पद्धत वेगळी आहे. तो तुम्हाला किती देतो याच्याकडे बघत बसू नका, दोन बंदुका आणि मधला फरक एवढंच बघा. एखादा दुकानवाला तुमच्या बंदुकीला छान भाव देतो आणि त्याच्या बंदुकीवर एक पैसा सोडत नाही, दुसरा तुमच्या बंदुकीला नाक मुरडतो पण आपल्या टॅगवरून दोनशे खाली येतो, शेवटी खिशातून जाणारे पैसे सारखेच. काही राज्यांत ट्रेड केल्यावर सेल्स टॅक्स फक्त फरकावर लागतो, ते विचारून घ्या.

आणि भाव बघताना लोक किती मागतायत ते बघू नका, किती रुपयाला... म्हणजे किती डॉलरला प्रत्यक्षात विकली गेली ते बघा. गनब्रोकर या लिलावाच्या साइटवर संपलेल्या लिलावांचे आकडे दिसतात. मागायला कुणीही काहीही मागतं.

पहिल्यांदाच जुनी घेतोय. कुठली घेऊ ते सरळ सांगा ना.

आधी एक सांगा, रेंजवर चालवणार की जपून ठेवणार? दोन्ही म्हणाल तर चालवणार असंच मी धरतो. चालवणाऱ्या माणसाला मी .३८ स्पेशल गोळीची जुनी स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर सुचवतो, मॉडेल १० किंवा त्याच्याआधीची मिलिटरी अँड पोलीस. गोळ्या कुठेही मिळतात, सुटे भाग मिळतात, दुरुस्त करणारे मिळतात आणि इतक्या बनल्यात की फसवायला कुणी बसत नाही. रायफल हवी तर १९६४ च्या आधीची विंचेस्टर ९४, .३०-३० गोळीची. १९६४ ला विंचेस्टरने खर्च वाचवायला बनवायची पद्धत बदलली, म्हणून "प्री-६४" ला मागणी टिकून आहे आणि उद्या परत ट्रेड करायची वेळ आली तर घेणारा सापडतो.

जपून ठेवायची असेल तर उत्तर बदलतं. मग कमी नावाची पण शंभर टक्के मूळ रूपातली बंदूक घ्या, मोठ्या नावाची पण नंतर फेरफार केलेली घेऊ नका.

दुकानात हातात घेतल्यावर सगळ्यात आधी काय बघू?

सगळ्यात आधी ती रिकामी आहे ना ते स्वतः बघा, दुकानवाल्याने तुमच्यासमोर उघडून दाखवली असली तरी. नळी म्हणजे बॅरल कुणाकडे धरू नका, आणि ट्रिगर दाबून बघायच्या आधी परवानगी मागा, काही जुन्या बंदुकांना कोरडा फायर, म्हणजे गोळी नसताना ट्रिगर दाबणं, चालत नाही.

मग दोन याद्या डोक्यात ठेवा. परत आणता येतं ते: ग्रिप, स्प्रिंगा, स्क्रू, साइट, मळ, वाळलेलं ग्रीस, स्टॉकवरचे म्हणजे लाकडी दस्त्यावरचे ओरखडे. परत येत नाही ते: मूळ फिनिश, नळीच्या आतले खड्डे, कापलेली बॅरल, कापलेला स्टॉक, स्कोप बसवायला रिसीव्हरवर पाडलेली भोकं, घासून पुसट झालेली अक्षरं. पहिल्या यादीतल्या दोषावर घासाघीस करा. दुसऱ्या यादीतला दोष असेल आणि बंदूक ठेवायला घेत असाल तर सोडून द्या, किती का स्वस्त मिळेना. नळीत बघायला बोअर लाइट मागा. काळपट असली पण आटे (नळीच्या आतले पिळाचे चर) धारदार असतील तर घासल्यावर कधीकधी छान निघते, पण आटेच गोल झालेत किंवा खड्डे दिसतायत तर काही होणार नाही.

री-ब्लू केलेली, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा रंग (ब्लूइंग) पुन्हा चढवलेली, कशी ओळखायची? दुकानवाला म्हणतो ओरिजिनल आहे.

दुकानवाला खोटंच बोलतो असं नाही, त्यालाही माहीत नसतं बऱ्याचदा. बंदूक खिडकीपाशी न्या आणि उजेड तिरका पडेल अशी धरा. पहिलं कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखांची अक्षरं बघा. कारखान्यात ठसा मारल्यावर अक्षराच्या कडा टोकदार राहतात, पॉलिश करताना व्हील फिरलं की त्या बुजतात, एका बाजूचं अक्षर खोल आणि दुसऱ्या बाजूचं उथळ दिसतं. मग स्क्रूची भोकं बघा, मूळ असेल तर भोकाची कड सपाट असते, पॉलिश केलेल्यात भोकाभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. मग फ्रेमच्या कडा, त्या बोटाला लागायला हव्यात, साबणासारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर कुणीतरी घासलंय. आणि शेवटचं म्हणजे ब्लूइंगच्या खाली गंजाचे खड्डे. गंज आधी आला आणि रंग नंतर, याचा अर्थ सरळ आहे.

स्क्रूंच्या खाचाही बघा. बिघडलेली खाच म्हणजे चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने कुणीतरी बंदूक उघडली होती, मग आत काय केलंय ते विचारायलाच हवं.

चालवायला घेत असाल तर नीट केलेली री-ब्लू वाईट नाही, उलट किंमत उतरते ते तुमच्याच फायद्याचं. फक्त मूळ फिनिशचे पैसे देऊ नका.

रिव्हॉल्व्हर मेकॅनिकली ठीक आहे का ते मला कसं कळणार?

परवानगी घेऊन आणि रिकामी असल्याची खात्री करून एवढं करा. सिलिंडरवर एक बोट हलकं टेकवा, थोडासा अडथळा होईल इतकंच, आणि घोडा (मागचा हॅमर) अंगठ्याने अगदी सावकाश मागे न्या. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी खालचा स्टॉप सिलिंडरच्या खाचेत "टक्" करून बसला पाहिजे. घोडा अडकला पण सिलिंडर अजून बसलाच नाही तर टायमिंग गेलंय. हे प्रत्येक चेंबरला (गोळी बसते त्या भोकाला) करा, एकच चेंबर मागे राहतं असंही असतं. मग घोडा मागे असताना अंगठ्याने पुढे दाबून बघा, तो सुटता कामा नये, सुटला तर बंदूक खाली ठेवा, ती धोक्याची आहे. मग सिलिंडर पुढे-मागे हलवून बघा किती खेळतो. शेवटी सिलिंडर बाहेर काढून बॅरलच्या मागच्या तोंडाला चीर आहे का बघा. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल १९ मध्ये हे खास बघायचं, त्या तोंडाची खालची बाजू सपाट कापलेली असल्याने तिथली भिंत पातळ आहे आणि हलक्या वजनाच्या गरम .३५७ मॅग्नम गोळ्या खूप मारल्या की तिथेच तडकते.

कोल्ट की स्मिथ अँड वेसन?

जुन्या डबल ॲक्शन कोल्टचं लॉकअप सुंदर असतं, ट्रिगर दाबून धरला की सिलिंडर जागचा हलत नाही. पण हाताने जुळवलेलं काम आहे, टायमिंग गेलं तर ते परत करणारे कारागीर आता फार थोडे राहिलेत. कोल्टची पायथन १९५५ ला आली, २००५ च्या सुमारास बंद झाली आणि २०२० ला नव्या रचनेची आली, तेव्हा जुन्याचा भाव नव्याला किंवा उलटं लावून कुणी फसवत नाही ना बघा. स्मिथमध्ये थोडा खेळ असतो, तो दोष नव्हे.

स्मिथची तारीख काढणं सोपं आहे. सिलिंडर बाहेर काढा, फ्रेममध्ये जिथे त्याचा हात बसतो तिथे मॉडेल नंबर असतो, म्हणजे "१०-५" वगैरे. डॅशनंतरचा आकडा म्हणजे डिझाइनमधला बदल. मॉडेल नंबर १९५७ पासून मारायला लागले, तिथे काहीच नसेल तर बहुधा त्याआधीची. बॅरल जिथे फ्रेममध्ये जाते तिथे आडवी बारीक पिन दिसली तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या आधीची, लोक त्यासाठी जास्त देतात.

मॅचिंग नंबर, मॅचिंग नंबर म्हणतात ते काय? त्याने एवढा फरक पडतो?

काही बंदुकांत खूप, काहींत अजिबात नाही. जर्मन लुगर पिस्तुल आणि के-९८ या जर्मन सैन्याच्या रायफलीमध्ये छोट्या छोट्या भागांवरही सिरियल नंबरचे आकडे मारलेले असतात आणि सगळे जुळले तर किंमत कुठल्या कुठे जाते. एक भाग जरी वेगळा तर ती किंमत द्यायची नाही. इथे एक मेख आहे. सोव्हिएत सैन्याने पकडलेल्या के-९८ दुरुस्त करताना भाग मिसळले गेले आणि नवे नंबर इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरले, रिसीव्हरवर बऱ्याचदा एक्सची खूण असते. आकडे जुळतात पण ते कारखान्यातले नाहीत. अशी रायफल चालवायला उत्तम, फक्त भाव त्याप्रमाणे.

एम-१ गारंड या अमेरिकन सैन्याच्या रायफलीत उलटं आहे. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये या रायफली सुट्या करून, भाग एकत्र टाकून परत जोडल्या गेल्या, त्यामुळे मिसळलेले भाग हीच नेहमीची गोष्ट. "सगळे मूळ भाग" असं कुणी म्हटलं तर त्याने ते दाखवायला हवं.

दुकानात गारंड आहे, घेऊ का?

आधी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमचे (सैन्याच्या जुन्या रायफली लोकांना विकणारी संस्था) आजचे भाव आणि ग्रेड बघा, म्हणजे दुकानातला टॅग किती वर आहे ते कळेल. थ्रोट आणि मझलची, म्हणजे नळीच्या मागच्या आणि पुढच्या तोंडाची, झीज गेजने मोजून मागा, दोन्ही आकडे जितके कमी तितकं बरं. विंचेस्टर युद्धकाळातल्या, स्प्रिंगफील्ड युद्धकाळातल्या आणि १९५० च्या दशकातल्याही, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन १९५० च्या दशकातल्या. आजच्या जड हंटिंगच्या .३०-०६ गोळ्या त्यात घालू नका, बोल्ट मागे ढकलणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो. गारंडसाठी म्हणून बनवलेल्या वेगळ्या मिळतात.

कुणीतरी कापून हंटिंगसाठी केलेली मिलिटरी रायफल निम्म्या भावात मिळतेय. परत मूळ करता येईल ना?

फक्त लाकूड बदललेलं असेल तर कधीकधी. बॅरल कापली, भोकं पाडली, बोल्टचा हँडल वाकवला असेल तर नाही, आणि सुटे भाग जमवता जमवता चांगल्या रायफलीइतके पैसे जातात. शिकारीची रायफल म्हणून आवडली तर खुशाल घ्या. गुंतवणूक म्हणून नको.

गोळ्या मिळतील का हे आधी बघायचं की नंतर?

आधी, ट्रेडच्या आधी. आणि नुसतं नाव ऐकून नाही. .३८ एस अँड डब्ल्यू आणि .३८ स्पेशल वेगळी काडतुसं आहेत, पहिलं आखूड आणि जरा जाड. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना दिलेल्या स्मिथ व्हिक्टरी मॉडेल .३८ एस अँड डब्ल्यूमध्ये होत्या, नंतर विकताना त्यातल्या पुष्कळ .३८ स्पेशल बसेल अशा पोखरल्या. बसते, पण चेंबर मागून सैल असल्याने काडतुसाचं पितळी कवच फुगतं नाहीतर फुटतं. सिरियल व्ही ने सुरू होतो आणि बॅरल-चेंबरला ब्रिटिश ठसे आहेत असं दिसलं की विचारा. वेबली .४५५ चं सिलिंडर मागून घासून .४५ एसीपी बसवलेलंही सापडतं, ते तर टाळाच, त्या गोळीचं प्रेशर त्या बंदुकीसाठी जास्त आहे.

जुनी सरप्लस (सैन्यातली उरलेली) गोळी वापरणार असाल तर तिचा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) बऱ्याचदा क्षार सोडतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजते. तेलाने क्षार जात नाही. गरम पाण्याने धुवा, सुकवा, मग तेल.

जुनी डबल बॅरल शॉटगन खूप स्वस्त आहे, धोका काय?

दोन. बॅरलवर लाटांसारखी नक्षी असेल तर ती डमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली, काळ्या दारूच्या काळातली. आजची काडतुसं त्यात घालू नका, भिंतीवर लावा. दुसरा धोका दिसत नाही. जुन्या बऱ्याच १२ बोअरचं चेंबर अडीच इंची असतं, आजचं काडतूस पावणेतीन इंची. ते आत सहज जातं, कारण पावणेतीन हे उडाल्यावर उघडलेल्या काडतुसाचं माप आहे. उडताना तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि प्रेशर वाढतं. "बसतंय म्हणजे चालतंय" हा हिशेब इथे घात करतो. चेंबर मोजून घ्या.

स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलीचा सिरियल नंबर कमी आहे म्हणून दुकानवाला म्हणतो जुनी, जास्त चांगली. खरंय का?

जपून ठेवायला ठीक, चालवायला नाही. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या रिसीव्हरचं हीट ट्रीटमेंट नीट नव्हतं, ठिसूळ निघाले, काही फुटले. चालवायची असेल तर वरचा नंबर शोधा.

"आजोबांनी युद्धातून आणली" असं टॅगवर लिहिलंय. त्याचे जास्त पैसे देऊ?

कागद असेल तर द्या, नाहीतर बंदुकीइतकेच द्या. इम्पोर्टरचा ठसा असेल तर ती नंतर आयात झालेली, गोष्ट तिथेच संपली. कोल्टचं आणि स्मिथचं फॅक्टरी लेटर, म्हणजे कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून दिलेलं पत्र, मिळतं, विंचेस्टरच्या बऱ्याच जुन्या नंबरांचे रेकॉर्ड कोडी, वायोमिंगच्या म्युझियममध्ये आहेत. दुर्मिळ म्हणून विकतात तिथे तर कागदाशिवाय हात घालू नका. सिंगर कंपनीने १९११ए१ पिस्तुलं फक्त ५०० बनवली, त्यामुळे नकली ठसे मारायला लोकांना भरपूर कारण आहे.

लुगरला किंवा माउझर सी-९६ पिस्तुलाला खांद्याला लावायचा लाकडी स्टॉक मिळतोय. घेऊ?

थांबा. १६ इंचांपेक्षा आखूड बॅरलला खांद्याचा स्टॉक लावला की १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली ती शॉर्ट बॅरल रायफल होते. काही ठराविक मूळ जोड्यांना सूट आहे, पण ती त्या त्या मॉडेलला आणि स्टॉकला बघून आहे. नुसता स्टॉक आवडला म्हणून घेऊ नका.

सी अँड आर लायसन्स काढू का?

दर वर्षी एखादी घेत असाल तर काढा. ३ वर्षांचे ३० डॉलर, आणि ५० वर्षांवरच्या बंदुका दुसऱ्या राज्यातून थेट घरी मागवता येतात, हँडगनसुद्धा, अर्थात तुमच्या राज्याला चालत असेल तर. रजिस्टर मात्र ठेवावं लागतं. आणि त्यावर धंदा करता येत नाही, ते लायसन्स फक्त संग्रहासाठी.

भारतात परत जातोय, बरोबर नेता येईल का?

नाही, असंच धरा. इकडून एक्सपोर्टची परवानगी आणि तिकडे लायसन्स दोन्ही लागतात. आणि बॅग भरायच्या आधी सगळे कप्पे उलटे करा, एक विसरलेली गोळी सापडली तरी विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली केस होते.

दोन देऊन एक घ्यावी का?

दोन्ही अशा असतील की पुन्हा सहज बाजारात मिळतील, तर नक्की. त्यातली एक घरातल्या वडीलधाऱ्यांची असेल तर तिला बाजूला ठेवा आणि दुसरीच्या जोडीला रोख घाला. आणि देण्याआधी स्वतःच्या बंदुकीचाही सिरियल नंबर तपासा, लोक पिन असलेली स्मिथ साध्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या भावात देऊन येतात.

ट्रेडला नेण्याआधी माझी घासून चकाचक करून नेऊ का?

अजिबात नको. मऊ फडका, थोडं तेल, नळीतून एक-दोन पॅच, बस. स्टील वूल, पॉलिश, बाजारात मिळणारं बाटलीतलं ब्लूइंग, स्टॉकला वॉर्निश, यातलं काही लावलंत तर वर सांगितलेल्या दुसऱ्या यादीत तुमचीच बंदूक जाते. मूळ डबा, जुनं मॅन्युअल, सुटी मॅगझिन असेल तर तेवढं शोधून बरोबर न्या, त्याचे पैसे मिळतात.